१ मेच्या अंकात ती नावं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्र दिन पंधरा दिवसांवर आला आहे, म्हणून घाईने लिहिते. १ मेच्या अंकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात बळी गेलेल्यांची सगळी नावं छापा, एवढी एकच माझी मागणी आहे. एकही नाव न गाळता, एका चौकटीत, मोठ्या टायपात. त्या दिवशीच्या अंकात पुढाऱ्यांच्या शुभेच्छा असतात, जुनी छायाचित्रं असतात, लढ्यावरचे लेख असतात. लेख मी आवडीने वाचते. पण आमच्या वाडीला त्या दिवशी नावं लागतात. ती का लागतात ते सांगते.

मी गिरगावात फणसवाडीत राहते. लग्न होऊन इथे आले तेव्हा आमच्या चाळीतलं एकेक बिऱ्हाड माणसांनी भरलेलं होतं. आता बऱ्याच दारांना कुलपं दिसतात. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी विरारला, कोणी बदलापूरला. खोली ठेवली, माणसं गेली. ही सगळी माणसं वर्षातून एकदा नक्की परत येतात ती १ मेला, कारण त्या दिवशी वाडीचा सार्वजनिक सत्यनारायण असतो. मुंबईतल्या कितीतरी चाळींमध्ये ही प्रथा आहे. गणपतीत निम्मी वाडी कोकणात, दिवाळीत प्रत्येकाला आपापलं घर. मेमध्ये मात्र मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, सगळ्यांना सुट्टी असते, गावाला जायच्या बॅगा भरून दाराशी असतात आणि गाडीचं तिकीट दोन-चार दिवसांनंतरचं असतं. मधला हा एक दिवस वाडीचा.

माझी मुलगी आदल्या रात्रीच विरारहून येते. नातवंडं गॅलरीत गाद्या टाकून झोपतात, म्हणजे झोपत नाहीतच. सकाळी वाडीच्या तोंडाशी झेंडावंदन होतं, राष्ट्रगीत होतं, आणि राज्यगीत अधिकृत झाल्यापासून तेही होतं. मग चौकात मांडव, चौरंग, केळीचे खुंट. प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापानेच करायचा, आणि केळं घातल्याशिवाय तो प्रसादाचा शिरा नव्हे, यावर आमच्या वाडीतल्या बायका कोणाचं ऐकत नाहीत. घरोघरी दुपारी आमरस-पुरी. तोवर हापूस जरा आवाक्यात आलेला असतो. अक्षय्य तृतीया जवळ असली की चैत्रगौरीचं हळदीकुंकूही त्याच दिवशी उरकतं, मग आंब्याची डाळ आणि पन्हं. संध्याकाळी उन्हं उतरली, चौपाटीकडचा वारा वाडीत शिरला की लहान मुलांची लिंबू-चमचा शर्यत, बायकांची संगीत खुर्ची. आणि अंधार पडला की आतषबाजी.

आतषबाजी मला मनापासून आवडते, हे आधी स्पष्ट सांगते. फटाके बंद करा असं म्हणणारं हे पत्र नाही. चौकात मधोमध ओळीने दारूची झाडं, म्हणजे अनार, लावतात, सगळी एकदम पेटतात आणि तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांमधले चेहरे उजळून निघतात, तेव्हा इथून गेलेली माणसं आपापल्या जुन्या जागी उभी दिसतात. कठड्याशी अमक्याची आई, जिन्याच्या तोंडाशी तमक्याचे काका. त्या उजेडासाठी लोक विरारहून येतात. भुईचक्र सोडायचा मान वाडीतल्या सगळ्यात लहान मुलाला, अर्थात मोठ्या माणसाने हात धरून. हे सगळं राहिलंच पाहिजे.

माझं म्हणणं आहे ते आवाजी फटाक्यांबद्दल. त्याचं मुख्य कारण आमच्या सासूबाई आहेत. त्या याच गिरगावात जन्मल्या, पलीकडच्या वाडीतून लग्न होऊन या वाडीत आल्या. जानेवारी १९५६मध्ये त्या शाळकरी होत्या. १६ जानेवारीला पंतप्रधान नेहरूंनी आकाशवाणीवरून सांगितलं की मुंबई केंद्रशासित राहणार, आणि त्या रात्रीपासून पुढचा आठवडाभर मुंबई पेटली. लाठीमार, अश्रुधूर, संचारबंदी आणि गोळीबार. त्याआधी २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनला, म्हणजे आजच्या हुतात्मा चौकात, मोर्चावर गोळ्या झाडून पंधरा माणसं मारली होती, ते पुस्तकांत आहे, तिथे स्मारकही आहे. पण जानेवारीतला गोळीबार गल्ल्यांमध्ये, वाड्यांच्या तोंडांशी, माणसांच्या घरांसमोर झाला. सासूबाईंच्या वडिलांनी खिडकीला गाद्या उभ्या लावल्या होत्या. दूध येत नव्हतं. मुलांना खाटेखाली झोपवायचे. बाहेर बार झाला की मोठी माणसं एकमेकांकडे बघायची आणि कोणी काही बोलायचं नाही, असं त्या सांगतात.

आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. ऐकू कमी येतं, पण सुतळी बॉम्ब त्यांना ऐकू येतो. वाडीच्या चारी भिंतींत तो आवाज कोंडतो आणि दुप्पट होऊन येतो. त्या दचकतात, हात छातीशी नेतात, मग बराच वेळ त्यांचा हात थरथरतो. मी परिचारिका होते, पालिकेच्या रुग्णालयात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे वयाचा परिणाम कोणता आणि भीती कोणती हे मला कळतं. ज्या दिवसासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या, तो दिवस आपण गोळीसारख्या आवाजाने साजरा करावा आणि ज्या मुलीने त्या गोळ्या ऐकल्या तिने म्हातारपणी पुन्हा थरथरावं, हे मला सोसत नाही.

म्हणून गेल्या वर्षी मी मंडळाच्या मुलांपुढे एक गोष्ट मांडली. आतषबाजीआधी दहा मिनिटं द्या. सगळी नावं वाचू. एका शेजाऱ्यांकडे जुन्या स्मरणिकेत यादी होती, तिच्या झेरॉक्स काढल्या, पट्ट्या कापल्या आणि मुलांना वाटल्या. आमच्या मुलांना नेते ठाऊक असतात. आचार्य अत्रे, एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, सेनापती बापट, प्रबोधनकार. अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुखही एखाद्याला माहीत असतात. शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे यांचा उल्लेख भाषणांत होतोच. पण जे मेले त्यातलं एकही नाव वाडीत कोणाला येत नव्हतं, मोठ्यांनाही नाही.

पहिलं नाव सीताराम बनाजी पवार. दुसरीतल्या मुलीने वाचलं, मोठ्याने, शाळेत हजेरी घेतात तसं. मग पुढचा मुलगा, मग त्याच्या पुढचा. जोसेफ डेव्हिड पेजारकर. चिमणलाल डी. शेठ. पी. एस. जॉन. वेदीसिंग. बेळगावचे मारुती बेन्नाळकर. निपाणीच्या कमलाबाई मोहिते. आमच्या सभासदांनी बहुधा पवार, मोरे, कदम, जाधव अशीच नावं येतील असं धरलं होतं. तीही आहेतच, भरपूर आहेत. पण पेजारकर आणि जॉन ऐकल्यावर चौकातली कुजबुज थांबली. आमच्याकडे वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांच्या आजोबांनी ते नाव पुन्हा वाचायला सांगितलं. मुलाने पुन्हा वाचलं.

समोरच्या खोलीतल्या बेन आमच्या वाडीत माझ्याही आधीपासून आहेत. १ मेला त्या दरवर्षी श्रीखंड पाठवतात, कारण तो त्यांच्या गुजरातचाही स्थापना दिवस. एरवी पूजेला येतात, हळदीकुंकू घेतात, भाषणं सुरू झाली की घरात जातात. मी कधी विचारलं नाही, पण कारण मला समजायचं. मुंबई कोणाची हा तो सगळा वाद, आणि काही वक्ते बोलताना भान ठेवत नाहीत. त्या रात्री चिमणलाल शेठ हे नाव ऐकून त्या दारातून चौकात आल्या आणि शेवटच्या नावापर्यंत उभ्या राहिल्या. नंतर माझ्याजवळ बसून म्हणाल्या, की त्यांचं माहेर अहमदाबादचं, आणि तिथेही असंच झालं होतं, त्यांच्या घरात ते बोललं जायचं. खरंच आहे. ८ ऑगस्ट १९५६ला अहमदाबादेत काँग्रेस भवनासमोर विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला, पोरं गेली, त्यातून महागुजरातचं आंदोलन उभं राहिलं, इंदुलाल याज्ञिक त्याचे नेते झाले. मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र बांधणारं द्वैभाषिक राज्य १ नोव्हेंबर १९५६ला लादलं गेलं, तेव्हा ते इकडे नको होतं तसं तिकडेही नको होतं. दोन्हीकडच्या माणसांनी किंमत दिली आणि १ मे १९६०ला दोन्ही राज्यं एकाच दिवशी झाली. हे मी शाळेत शिकले असेन, पण बेन माझ्याशेजारी बसून बोलल्या तेव्हा मला ते उमगलं. महाराष्ट्र दिनाला आपल्या शेजारणीला घरात जाऊन बसावंसं वाटू नये, यासाठी या यादीइतकं दुसरं काही उपयोगी पडेल असं मला वाटत नाही. कारण त्या यादीत तिचंही माणूस आहे.

वाचन झाल्यावर राज्यगीत झालं आणि झाडं लागली. मंडळाच्या मुलांनी सुतळी बॉम्बचा खोका आणून ठेवला होता, तो त्यांनी उघडला नाही. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. अकराच्या सुमारास मागच्या गल्लीत कोणीतरी माळ लावलीच, तिच्यावरून दुसऱ्या दिवशी वादही झाला. पण वाडीच्या चौकात त्या रात्री नुसता उजेड होता, आणि सासूबाई खुर्ची टाकून शेवटपर्यंत बाहेर बसल्या. कित्येक वर्षांत तसं झालं नव्हतं.

इतर वाड्यांनी, चाळींनी, आता त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या सोसायट्यांनीही हे करावं असं मला फार वाटतं. त्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी सांगते. कायदा आपल्या बाजूने आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवता येत नाहीत, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती सरकारने जाहीर केलेल्या शांतता क्षेत्रात तर ते कधीच वाजवता येत नाहीत. गिरगावात पावलापावलावर प्रसूतिगृह किंवा दवाखाना आहे, याचंही भान ठेवायला हवं. फटाक्यांच्या माळांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच बंदी घातली आहे. पण पोलीस बोलावून वाडीत दिवस साजरा होत नाही. साडेसातला नावं, आठला आतषबाजी, नऊला जेवणं, असा क्रम आधीच फळ्यावर लिहिला की दहाचा प्रश्नच येत नाही.

सुतळी बॉम्बात दारू कागदात घट्ट बांधून वर सुतळी गुंडाळलेली असते, वायूला वाट नसते, म्हणून तो फुटतो. झाडाचं तोंड उघडं असतं, म्हणून तेच बळ ठिणग्या होऊन वर जातं. मुलांना एवढं समजावून सांगितलं की झाड निवडण्यात कमीपणा वाटत नाही. बाण मात्र मेमध्ये अजिबात नकोत. आपल्या चाळींचे जिने, कठडे, छताचे वासे जुन्या लाकडाचे, आणि मेमध्ये ते ठणठणीत वाळलेले असतात. पावसाळ्याआधी कौलांवर ताडपत्र्या टाकायला याच दिवसांत सुरुवात होते. एक बाण ताडपत्रीवर पडला तर अग्निशमन दलाची गाडी आमच्या वाडीच्या तोंडातून आत शिरणार नाही, पाइप ओढत आणावे लागतील. शिवाय कावळ्यांची घरटी याच महिन्यात असतात. आमच्या पिंपळावर दरवर्षी असतात, आणि रात्री बाण फुटले की सगळे कावळे अंधारात उठून ओरडत फिरतात.

भाजण्याबद्दल परिचारिका म्हणून सांगायलाच हवं. पेटवणाऱ्याने सुती कपडे घालावे, नायलॉनची ओढणी नको. पाण्याच्या बादल्या आणि वाळू जवळ असावी. न पेटलेल्या झाडावर कधीही वाकून बघू नये. त्याच्यावर पाणी ओतावं आणि तो विषय संपवावा. चेहऱ्याच्या, डोळ्यांच्या जखमा अनेकदा याच वाकण्याने होतात, आणि त्या अनेकदा मुलांना होतात. मी ती मुलं पाहिली आहेत. भाजलंच तर नळाच्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद नको, शाई तर नकोच. अंगठी, बांगडी सूज येण्याआधी काढा, स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाका आणि दवाखान्यात न्या. डोळ्यात काही गेलं तर चोळू नका, स्वतः काढू नका, तडक रुग्णालय गाठा.

यंदा आम्ही आणखी एक ठरवलं आहे. ऑक्टोबर २०२५पासून भुयारी मेट्रो गिरगावातून थेट हुतात्मा चौकापर्यंत जाते. काळबादेवी, मग छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मग हुतात्मा चौक. झेंडावंदन झाल्यावर, पूजा सुरू होण्याआधी, वाडीतली मुलं घेऊन जाऊन यायचं. तिथे १८६४चं ते कारंजं आहे आणि शेजारी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार आहेत. ते दोघे तिथे का आहेत हे मुलांना तिथेच सांगायचं. १ मे हा कामगारांचाही दिवस, आणि ज्या गिरणगावातून या लढ्याला माणसं मिळाली त्या गिरण्या आता राहिल्या नाहीत. सासूबाईंनाही यायचं आहे. स्थानकात लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची घेऊन जाऊ.

आता पुन्हा मागणीकडे येते. आमच्याकडची स्मरणिका जीर्ण झाली आहे, झेरॉक्सवर काही नावं पुसट उमटतात आणि मुलं अडखळतात. हुतात्म्यांचा आकडा कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७ असा छापलेला सापडतो, आडनावांचे ऱ्हस्व-दीर्घही याद्यांमध्ये वेगवेगळे आहेत. माणसाचं नाव जाहीर वाचायचं तर ते बरोबर वाचलं पाहिजे, आणि ते तपासण्याची सोय आमच्यापेक्षा तुमच्याकडे आहे. या लढ्यात मराठी वर्तमानपत्रांनी काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. अत्र्यांचा ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ला निघाला तो या लढ्यासाठीच. तेव्हा एक पान या माणसांना द्या.

छापताना दोन गोष्टी पाहाव्यात. नावामागे गावाचा उल्लेख मिळत असेल तर तो ठेवा, कारण मुलं ‘आपल्या गावचा कोणी आहे का’ हे आधी शोधतात. आणि चौकटीच्या मागच्या बाजूला महत्त्वाची बातमी ठेवू नका, जाहिरात चालेल. आम्ही ते पान कापून पट्ट्या करणार आहोत. अंक सकाळी सहाला वाडीत येतो, तेवढा वेळ आम्हाला पुरतो.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
फणसवाडी, गिरगाव, मुंबई